थिंकपॅड टी४८० जुना घेताना: कुठला पीस उचलायचा, कुठला ठेवून यायचं

लेनोवोने २०१८ च्या सुरुवातीला आणलेला टी४८० हा मुळात ऑफिसचा लॅपटॉप. कंपन्या तो तीन-चार वर्षांसाठी घेतात, मुदत संपली की लॉटच्या लॉट बाहेर पडतात आणि ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडपासून दिल्लीच्या नेहरू प्लेसपर्यंत 'ए ग्रेड पीस' म्हणून काउंटरवर येतात. ब्राउझर, एक्सेल, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल, थोडंफार कोडिंग एवढ्या कामाला तो आजही पुरतो. पण इतकी वर्षं वापरलेल्या यंत्रातले दोष दोन जातींचे असतात. काही स्क्रू-ड्रायव्हरने जातात: बॅटरी, कीबोर्ड, पडदा, पंखा. काही मदरबोर्डात बसलेले असतात. पहिल्या जातीचे दिसले तर भाव पाडा. दुसऱ्या जातीचा एक जरी दिसला तर कितीही स्वस्तात मिळत असला तरी पीस परत काउंटरवर ठेवा. टी४८० चं सगळं मोल पहिल्या जातीची यादी लांब असण्यात आहे.

हाच का, जवळपासचे दुसरे का नाहीत? एक कारण प्रोसेसर. आय५-८२५०यू किंवा ८३५०यू हे इंटेलच्या आठव्या पिढीचे, चार कोअरचे. त्याआधीच्या पिढीत या वर्गाचे आय५ दोन कोअरचे होते, त्यामुळे सातवी ते आठवी ही उडी कागदावर एका आकड्याची असली तरी हाताला जाणवते. शिवाय विंडोज ११ ची अधिकृत यादी या वर्गात आठव्या पिढीपासून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा ही सीमा आता शोभेची राहिलेली नाही. दुसरं कारण, यात रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढता-घालता येतात आणि मागची बॅटरी लॅपटॉप बंद न करता बदलता येते. त्याच वर्षीच्या टी४८०एस मध्ये काही रॅम बोर्डावरच झाळलेली आहे आणि बॅटरी एकच, आतली. पुढच्या टी४९० मध्येही तोच प्रकार. नावं इतकी सारखी की पावतीवर शेवटचा 'एस' आहे की नाही हे वाचून घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त गल्लत टी४७० शी होते, आणि ती नेहमीच अजाणतेपणी होते असं नाही. दोघांचा सांगाडा जवळजवळ एकच. ओळखायची खूण डाव्या कडेला आहे. टी४८० ला तिथे दोन यूएसबी-सी तोंडं असतात आणि चार्जिंग त्यातूनच होतं. टी४७० ला लेनोवोचं जुनं चौकोनी चार्जिंगचं तोंड आणि यूएसबी-सी एकच. 'अहो, सेमच आहे' असं ऐकू आलं की टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचा आकडा वाचा. ६३००यू किंवा ७३००यू दिसलं तर ते आठव्या पिढीचं यंत्र नव्हे, त्याची किंमत वेगळी.

आता तपासणी. बहुतेक जण आधी झाकण, ओरखडे, पडदा बघतात. उलट करा, बायोसपासून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जपासून सुरू करा. पूर्ण बंद करून चालू करा, लेनोवोचं नाव येताच एफ१ दाबा. पासवर्ड मागितला तर तपासणी तिथेच संपली. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड बटण सेल काढून जात नाही. विसरलेल्या पासवर्डावर लेनोवोचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदला असं आहे. 'काढून देतो, उद्या या' म्हणणारे भेटतात, चिप वाचून तो काढणारे कारागीरही आहेत, पण ती डोकेदुखी विकत घेऊ नका. एक सापळा लक्षात ठेवा: काही वेळा बायोस उघडतो, सगळं दिसतं, पण बदल करता येत नाहीत. म्हणजे पासवर्ड आहेच, फक्त बघायची मुभा आहे. म्हणून एखादी साधी सेटिंग खरोखर बदलून बघा.

तिथेच पहिल्या पानावरचा सीरियल नंबर तळाच्या स्टिकरशी ताडून बघा. जुळत नसेल किंवा त्या जागी 'इनव्हॅलिड' लिहिलेलं असेल तर बोर्ड बदललेला आहे. मग सिक्युरिटीच्या पानावर कॉम्प्युट्रेस शोधा. चोरीला गेलेलं यंत्र दूरवरून बंद करायची ही सोय कंपन्या वापरतात. तिची सद्यस्थिती (करंट स्टेट) 'नॉट अ‍ॅक्टिव्हेटेड' हवी. नुसतं 'एनेबल्ड' दिसलं तर घाबरू नका, पण 'अ‍ॅक्टिव्हेटेड' असेल तर आधीच्या मालकाने यंत्र यादीतून सोडलेलं नाही असं धरा.

याच जातीची, पण कमी लोकांना ठाऊक असलेली अडचण विंडोजच्या बाजूने येते. कंपनीने यंत्र मायक्रोसॉफ्टकडे स्वतःच्या नावाने नोंदवलेलं असेल, तर दुकानात सगळं नीट चालतं. घरी येऊन रीसेट मारला आणि वाय-फाय जोडलं की पडद्यावर कुठल्याशा परक्या कंपनीचं नाव आणि तिच्या ईमेलची मागणी. नोंद हार्डवेअरच्या ओळखीला बांधलेली असल्याने फॉरमॅटने जात नाही. त्यामुळे दुकानदाराला सांगा, विंडोज सुरुवातीच्या सेटअपला आणून ठेव, आणि आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पहिलं पान स्वतः पुढे न्या. इंटरनेट न जोडता सेटअप पार केला तर हे कळणारच नाही.

मग टी४८० चा सगळ्यात बदनाम दोष: थंडरबोल्ट. दोन यूएसबी-सी तोंडांपैकी वीजेचं चिन्ह असलेलं तोंड थंडरबोल्टचं, म्हणजे जास्त वेगाच्या जोडणीचं. त्याच्या नियंत्रकाचं सुरुवातीचं फर्मवेअर (चिपमध्येच बसवलेला प्रोग्राम) शेजारच्या छोट्या फ्लॅश चिपवर पुन्हा पुन्हा लिहीत राहायचं. वापर वाढत गेला की ती चिप हात टेकायची. मग त्या तोंडातून चार्जिंग जातं, मॉनिटर दिसत नाही, कधी एचडीएमआयही बंद पडतं, तर कधी यंत्र सुरू होताना थंडरबोल्टची एरर देऊन अडकतं. लेनोवोने त्यावर फर्मवेअर काढलं, पण ते चिप शाबूत असताना घातलं तरच कामाचं. मेलेल्या चिपवर नंतर घालायला गेलं तर ते चढतच नाही. मग बोर्ड उघडून प्रोग्रामरने चिप पुन्हा लिहायची, नाहीतर बोर्ड बदलायचा.

तपासायला दोन गोष्टी लागतात, एक पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारचा यूएसबी-सी चार्जर आणि एचडीएमआय केबल लावलेला कुठलाही पडदा. दोन्ही यूएसबी-सी तोंडांना आळीपाळीने चार्जर लावा, दोन्हीकडे चार्जिंग सुरू झालं पाहिजे. तोंडात केबल जरा हलवून बघा. ढिली झालेली तोंडं या मॉडेलला नवीन नाहीत, कारण ती थेट बोर्डावर झाळलेली आहेत आणि वर्षानुवर्षं रोजचा चार्जर त्यांनीच सोसलेला आहे. मग एचडीएमआय लावा, आणि जमलं तर थंडरबोल्टच्या तोंडातूनही चित्र काढून बघा. दुकानदार 'दुसऱ्या पोर्टने होतंय ना चार्ज' म्हणाला, की भावाची चर्चा थांबवा आणि निघा. सगळं ठीक निघालं, तर घरी नेऊन पहिल्याच दिवशी करायचं काम हे: लेनोवोच्या सपोर्टच्या पानावर सीरियल नंबर घाला, आधी बायोस आणि मग थंडरबोल्टचं फर्मवेअर अद्ययावत करा. चार्जर लावलेला ठेवा आणि मध्ये झाकण मिटू नका.

बोर्डाची आणखी एक परीक्षा दहा मिनिटांची. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचं पान उघडा, ब्राउझरमध्ये पाच-सहा मोठे व्हिडिओ एकदम चालवा आणि प्रोसेसरचा वेग बघत राहा. थोडा वेळ ३ गिगाहर्ट्झच्या वर, मग दोन-सव्वादोनच्या आसपास, हे निरोगी लक्षण. तो ०.४ किंवा ०.८ वर अडकून बसला तर काहीतरी त्याला दाबून धरतंय. कारण साधं असू शकतं: चार्जर कमी ताकदीचा, किंवा बॅटरी मेलेली. म्हणून खात्रीच्या ६५ वॉटच्या चार्जरने पुन्हा बघा. तरीही हलत नसेल तर पीस नको. पंखा खरखरत असेल किंवा यंत्र तापत असेल तर मात्र घाबरू नका. इतक्या वर्षांत थर्मल पेस्ट वाळतेच. पेस्ट आणि पंखा दोन्ही बदलण्यासारखे आहेत, त्यांचे पैसे भावातून कापा.

बॅटरी ही या लॅपटॉपची खरी मजा आहे, आणि फसवणूकही तिथेच जास्त. आत एक २४ वॉट-अवरची कायमची बॅटरी, मागे एक काढता येणारी. मागची तीन प्रकारांत मिळते: २४, ४८ आणि ७२ वॉट-अवर. ७२ ची बॅटरी तळातून बाहेर फुगीर येते, त्यामुळे लॅपटॉप टेबलावर थोडा तिरका बसतो. टायपिंगला ते उलट बरंच वाटतं. हिशोब सोपा आहे. साध्या कामात यंत्र सरासरी ८ वॉट खातं असं धरा. २४ अधिक २४ नव्या असतील तर सहा तास. दोन्ही साठ टक्क्यांवर आल्या असतील तर साडेतीन. २४ अधिक ७२ नव्या असतील तर बारा तास. 'दोन बॅटऱ्या आहेत' हे वाक्य ऐकून खूश होण्याआधी त्या दोन मिळून किती उरल्यात ते बघा.

ते बघायला कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी लिहा, एक जागा सोडा, तिरकी रेघ द्या आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट लिहा. एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडते. त्यात दोन्ही बॅटऱ्यांची मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसते. साठ टक्क्यांच्या खाली असलेली बॅटरी बदलायची आहे असंच धरून बोला. मूळ आणि आजचा आकडा तंतोतंत सारखा आणि चार्जिंगची आवर्तनं शून्य, असं जुन्या पीसवर दिसलं तर बॅटरी नवी तरी आहे किंवा आकडे लिहिलेली नकली तरी. तेव्हा कागद बाजूला ठेवा, चार्जर काढा, व्हिडिओ चालवा आणि अर्ध्या तासात टक्के किती उतरतात ते बघा. हा लॅपटॉप आधी मागची बॅटरी वापरतो, मग आतली, म्हणून मागची काढूनही पाच मिनिटं चालवा. आतली मेलेली असेल तर मागची काढताक्षणी यंत्र बंद पडतं आणि चालू असताना बॅटरी बदलायची सोय नावापुरती उरते.

आतली बॅटरी पुढच्या भागात, टचपॅडच्या खाली बसते. टचपॅडचा क्लिक कडक लागत असेल किंवा तळाचं झाकण तिथे वर आलेलं असेल, तर ती फुगली आहे. असा पीस घेतलाच तर बॅटरी त्याच दिवशी काढा. फुगलेली बॅटरी टोचून, दाबून काढू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका.

पडद्याची गोष्ट छोटी पण महत्त्वाची. टी४८० १३६६ गुणिले ७६८ च्या पडद्यातही निघाला होता, आणि तो बाजूने पाहिला की रंग उलटे दिसणारा, धुरकट पडदा आहे. १९२० गुणिले १०८० चा आयपीएस मागा. तोही काही उजेडाचा झरा नव्हे. लेनोवोचा उजेडाचा आकडा २५० निट्सचा आहे आणि रंग फिकेच दिसतात. फोटोचं काम करणाऱ्याने इकडे वळूच नये. हलका पडदा स्वस्तात मिळत असेल तर १४ इंची, ३० पिनचा फुल एचडी पडदा नंतर बसवता येतो. तो त्याच केबलवर चालतो. त्यापेक्षा जास्त रेझोल्यूशनच्या पडद्याला केबल वेगळी लागते. पूर्ण पांढरं पान उघडून कडांना पिवळेपणा आणि मध्यभागी कीबोर्डमधल्या लाल टिकलीचा उमटलेला ठिपका बघा. कॅमेरा ७२० रेषांचा, अंधारात कामाचा नाही. काही कंपन्यांनी तो मुळात घेतलाच नव्हता, त्यामुळे आहे का हेच आधी बघा. स्पीकर तळाला आहेत, गादीवर ठेवला की आवाज गादी ऐकते.

कीबोर्ड मात्र आजच्या चपट्या कीबोर्डांना लाजवेल असा आहे. परदेशातून आलेल्या लॉटमध्ये जर्मन किंवा ब्रिटिश रचनेचे कीबोर्ड येतात. एंटरची कळ उभी, मोठी दिसली तर समजावं. त्यावर स्टिकर चिकटवलेले असतील तर सहा महिन्यांत ते निघतात आणि बोटांना डिंक लागतो, तेव्हा कीबोर्डच बदलून मागा. रुपयाचं चिन्ह कळीवर नसलं तरी अडत नाही. विंडोजमध्ये इंग्लिश-इंडिया रचना निवडली की उजवी ऑल्ट आणि ४ मिळून ते उमटतं.

रॅम आणि एसएसडी दुकानदार बदलूनच देतात, आणि बहुधा स्वस्तातली. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर दुसरी तेवढीच, डीडीआर४ २४०० ची लावा. साध्या टी४८० मध्ये ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते रॅमच वापरतं, म्हणून दोन पट्ट्यांनी फरक पडतो. लेनोवोने ३२ जीबीपर्यंत सांगितलं आहे, घराला १६ पुरतात. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रामने बघा, टक्के आणि चालू तास दोन्ही. जुन्या २.५ इंची जागेत साटा ड्राइव्ह बसतो. तिथे अडॅप्टर आणि त्याची केबल घालून एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारचा ड्राइव्हही बसतो. त्याला माहिती नेण्याच्या दोनच वाटा (लेन) मिळतात, त्यामुळे सेकंदाला साधारण १५०० एमबीच्या वर जात नाही. म्हणून महागडा ड्राइव्ह यात वाया जातो. साधा घ्या.

'विंडोज, ऑफिस लाइफटाइम' हे बोर्डावरचं वाक्य हसून सोडून द्या. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स' दिसलं पाहिजे. शंका आली तर कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, जागा, तिरकी रेघ, एक्सपीआर असं द्या. 'कायमचं' असं उत्तर हवं. सहा महिन्यांच्या आतली तारीख आली तर जुगाडाने चालू केलेलं विंडोज आहे, कारण तशी परवानगी १८० दिवसांची असते. बहुतेक टी४८० सोबत लेनोवोची खरी की बायोसमध्येच असते, तेव्हा शुद्ध विंडोज चढवलं की प्रश्न मिटतो.

चार्जर यूएसबी-सीचा, ४५ किंवा ६५ वॉटचा. तो २० व्होल्ट देतो, ४५ ला २.२५ अँपिअर आणि ६५ ला ३.२५. मोबाइलचा ९ व्होल्टवर थांबणारा फास्ट चार्जर यावर चालत नाही, त्याने पीस बिघडलाय असं समजू नका. सोबत मिळालेल्या चार्जरवर बीआयएसचं नोंदणी चिन्ह आणि आर ने सुरू होणारा क्रमांक आहे का बघा. नसेल तर त्याचे पैसे वेगळे कापा आणि चांगला चार्जर बाहेरून घ्या.

बिल पक्कं, जीएसटीचं, त्यावर सीरियल नंबर लिहिलेला. 'टेस्टिंग वॉरंटी' या शब्दाचा अर्थ दुकानागणिक बदलतो: कुठे सात दिवस, कुठे 'दुकानाबाहेर गेला की संपली'. बिलावर दिवस आणि मदरबोर्ड असे दोन्ही शब्द लिहून घ्या. बॅटरी आणि चार्जर वॉरंटीत नसतात, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

घरी उघडायची वेळ आली तर क्रम चुकवू नका. आधी बायोसमध्ये कॉन्फिग, मग पॉवर, तिथे 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा. यंत्र आपोआप बंद होतं आणि आतली बॅटरी बोर्डापासून तुटते. चार्जर पुन्हा लावेपर्यंत ती तशीच राहते. मग मागची बॅटरी काढा. तळाचे स्क्रू पूर्ण बाहेर येत नाहीत, झाकणातच अडकून राहतात, ओढू नका. झाकण कडेच्या चापांवर बसतं. स्क्रू-ड्रायव्हर घुसवला की चाप तुटतात, म्हणून गिटारचा प्लास्टिकचा तुकडा किंवा जुनं एटीएम कार्ड वापरा.

वापरात नेहमी येणाऱ्या तक्रारींपैकी काहींना पैसे लागत नाहीत. काहीच चालू होत नाही, दिवा नाही, पंखा नाही: चार्जर आणि मागची बॅटरी काढा, तळाला रीसेटचं बारीक छिद्र आहे, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप हलकेच दाबा, मिनिटभर थांबून फक्त चार्जर लावून चालू करा. निम्म्या वेळा एवढ्याने जाग येते. चालू होताना ०२७१ आणि तारीख चुकीची: बटण सेल संपला, वायरीसह येणारा नवा लावा. 'फॅन एरर' दाखवून बंद: पंखा अडकलाय किंवा मेलाय, आधी धूळ काढा, नाहीतर नवा पंखा. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबतं: हा दोष नव्हे, आधीच्या मालकाने मर्यादा लावलेली असते. लेनोवो व्हँटेजमध्ये ती दिसते. सतत चार्जरवरच चालणार असेल तर ती तशीच राहू द्या.

एमएक्स१५० ही वेगळी ग्राफिक्स चिप असलेला टी४८० जास्त पैसे घेऊन विकला जातो. खेळ खेळायला तो अपुरा, रोजच्या कामाला निष्कारण तापणारा, म्हणून त्याचे जास्त पैसे देऊ नका. आणि मनासारखा टी४८० मिळालाच नाही तर डेलचा लॅटिट्यूड ७४९० किंवा एचपीचा एलिटबुक ८४० जी५ बघा. दोघांत आठव्या पिढीचे प्रोसेसर मिळतात आणि रॅमच्या दोन जागाही. मागची बॅटरी तेवढी हातात काढून घेता येणार नाही.